जिंकलो तर तेवढंच पुन्हा

कापडाच्या दुकानात कटपीस साठतात तसे किस्से साठतात. मुद्दाम कुणी जमवत नाही. एकेक तुकडा फडताळात सरकवायचा, अन् एके दिवशी फडताळ उघडलं की सगळे अंगावर येतात. परवा आम्ही जुने दोस्त चहाला बसलो होतो. कुणीतरी 'एकावर एक फ्री'चं कौतुक सांगायला लागलं, अन् माझं फडताळ उघडलं. म्हटलं, बाबांनो, हे सगळं आमच्या रतनशेठनी नगरच्या कापडबाजारात कधीच करून ठेवलंय. दुष्काळातल्या त्या हिवाळ्यात.

*

त्या साली लग्नं पुढं ढकललेली. कापड घेतो कोण? शेठनी आम्हा दोघा नोकरांना सांगूनच टाकलं होतं, गुढीपाडव्यापर्यंत दुकान टिकलं तर टिकलं. दोघं म्हणजे मी आणि सोनईचा नामदेव.

त्यात इंग्लंडची टीम आपल्याकडं खेळायला आली. पानाच्या टपरीपासून कोर्टापर्यंत एकच विषय. शेठनी सकाळी दुकानाबाहेर पाटी लावली, 'कसोटी आपण जिंकलो, तर आज घ्याल तेवढंच कापड पुन्हा फुकट!' मॅचच्या पहिल्या दिवशी खरेदी करायची, शिक्क्याची चिठ्ठी घ्यायची, निकाल लागला की चिठ्ठी दाखवून तेवढंच कापड न्यायचं. शेठचा हिशोब साधा होता. आपण कुठं जिंकतोय!

पहिली कसोटी हरलो. गिऱ्हाइकांसमोर शेठनी असा चेहरा पाडला की एका म्हातारबुवांनी त्यांच्याच पाठीवर हात फिरवला. मग शेठ आत गेले आणि आम्हाला एकेक पेढा दिला. म्हणाले, लपवून खा.

*

दुसऱ्या कसोटीला दुकान दुप्पट भरलं. आता मात्र शेठ घाबरले. नारळ घेऊन माळीवाड्याच्या गणपतीला गेले. पण भर देवळात 'भारत हरू दे' म्हणायचं कसं? पुजाऱ्यांनी विचारलं, संकल्प कशाचा? शेठ म्हणाले, "देशासाठी."

नारळ फोडला तर नासका! पुजारी म्हणाले, शुभ आहे, देवानं घेतला.

आणि आपण जिंकलो.

*

त्या जिंकण्याचीही गंमत ऐका. गंमत म्हणायची आपली, अजून अंगावर काटा येतो.

शेवटच्या दिवशी दुकानातल्या रेडिओभोवती निम्मा बाजार. ऐन मोक्याला लाईट गेली. गर्दी पायऱ्यांवर, आम्ही दोघं आणि शेठसुद्धा बाहेर. तेवढ्यात आतून, कापडाच्या ठाणांच्या रांगेमागून, कुणीतरी सावकाश म्हणालं, "गेला शेवटचा."

मला वाटलं नामदेव चेष्टा करतोय. बघतो तर तो माझ्या शेजारीच. लाईट आली, रेडिओ खरखरला आणि टाळ्यांचा कडकडाट ऐकू आला. शेवटचा गडी आत्ताच बाद झाला होता. आम्ही आत जाऊन ठाणं हलवून बघितली. मागं भिंत होती. शेठ म्हणाले, कुणी काही ऐकलं नाही, कामाला लागा.

नामदेव तेव्हाच म्हणाला होता, "शेठ, निकाल जेच्या हातात हाय त्याच्याबरुबर आपून धंदा मांडलाय. हे बरं न्हाई."

*

फुकट कापड न्यायला आलेली माणसं आणखी चार वार विकत घेऊन जायची, म्हणून दुकान कसंबसं तरलं. पण शेठनी क्रिकेटचा धसका घेतला आणि एका जत्रेतल्या कुस्तीवर स्कीम लावली. आपल्या तालमीतला भिवा पैलवान जिंकला तर घ्याल तेवढं पुन्हा.

कुस्तीआधी खुद्द भिवाच दुकानात आला, पटका घेतला आणि चिठ्ठी मागितली. स्वतःच्याच कुस्तीवर! आम्ही पोट धरून हसलो. शेठ सोडून.

कुस्तीत समोरचा गडी भिवाच्या खाली, मान दाबलेली. आता चीत होणार, तेवढ्यात भिवानं आखाड्याच्या कडेला बघितलं, हात ढिले सोडले आणि आपण होऊन पाठीवर पडला. लोकांनी शिव्यांची लाखोली वाहिली, म्हणाले पैसे खाल्ले.

दुसऱ्या दिवशी तो चिठ्ठी परत द्यायला आला. म्हणाला, "बाप कडंला हुबा हुता. म्हनला, सोड त्येला, तुझ्या हातानं मरंल."

बाप वारून दोन वर्षं झाली होती. आणि त्या दुसऱ्या गड्याची मान बघून डॉक्टर म्हणाले होते, आणखी एक हिसका बसता तर खेळ संपला होता. हे आम्हाला भिवा चिठ्ठी देऊन निघून गेल्यावर कळलं.

*

आता शेवटचा सांगतो.

तिसऱ्या कसोटीला शेठनी पुन्हा पाटी लावली. धंद्याची चटक वाईट. पहिल्या दिवशी ही झुंबड, म्हणून शेठ स्वतः गिऱ्हाईक बघायला उभे. एक अनवाणी माणूस आला आणि म्हणाला, हिरवं लुगडं द्या. शेठनी लाल काठाचं पहिलंच काढलं. त्यानं भाव केला नाही, पदर उलगडून बघितला नाही. शेठ खूश! घरी डोहाळजेवण दिसतंय म्हणत त्याच्या हातात चिठ्ठी ठेवली. जिंकलो तर असंच आणखी एक देतो, पुन्हा या म्हणाले.

माणूस चिठ्ठीकडं बघत राहिला आणि लुगडं काखेत धरून निघून गेला. नामदेव त्याला ओळखत होता, हिवऱ्याच्या अलीकडच्या वस्तीवरचा. तो मागं धावला आणि परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"शेठ, बायकू गेली त्येची. बाळातपनात, दवाखान्यात."

नवऱ्याआधी सवाष्ण गेली तर तिला हिरवं लुगडं नेसवून पाठवतात. त्या लुगड्याचा भाव कुणी करत नाही, आणि देणारा 'पुन्हा या' कधी म्हणत नाही. शेठनी तर शिक्का मारून दिला होता, तेवढंच पुन्हा!

शेठनी घरात आता कोण कोण आहे विचारलं. नामदेव म्हणाला, तो, त्याची आंधळी आई, अन् कालचं बाळ.

त्या मॅचभर शेठ अन्नाला शिवले नाहीत. मधेच खबर आली की बाळ शेळीचं दूध घेत नाही, बोळ्यानं पाजलं तरी थुंकतंय, रडूनरडून आवाज बसलाय. शेठ रेडिओपुढं हात जोडून बसायचे आणि उघड म्हणायचे, हरू दे रे देवा. लोक हसले, काहींनी देशद्रोही म्हटलं. दुकानाचं काय होईल हे त्यांच्या ध्यानातही नव्हतं. मला त्यांची फार दया आली.

आपण जिंकलो. बाजारात फटाके वाजले.

दुसऱ्या दिवशी उजाडताच शेठनी झबल्यासाठी फुलाफुलांचं कापड स्वतः फाडलं, दुधाच्या पावडरीचा डबा घेतला आणि नामदेवला सायकलवर धाडलं. सांगितलं, लुगड्याचं नाव काढू नको. चिठ्ठी मागून घे आणि तिथंच फाड.

नामदेव दुपारी आला. बस म्हटलं तरी बसला नाही, उभ्यानंच सांगितलं. माणूस खडी फोडायच्या कामावर गेलेला, दारात म्हातारी एकटीच. दुकानातून आलोय म्हटल्यावर तिनं हात हलवला.

"आता आनखी कशाला आनलं? सकाळीच दिलं की तुमच्या बाईनं."

नामदेवनं विचारलं, कोण बाई?

"मला कुठं दिसतंय बाबा. आली, झोका बांधला, पोराला मांडीवर घेऊन येळभर बसली, अन् गेली. तवापासनं पोर गप निजलंय."

आढ्याला हिरव्या लुगड्याचा झोका बांधलेला होता, लाल काठाचा. नामदेवनं वाकून आत बघितलं. पोराच्या ओठावर दूध वाळलेलं होतं.