जावयाचं पोट, सासूबाईंचं पथ्य

एर्मिलो निगेंदाची होडी धक्क्यावर लांबूनच ओळखू यायची. सुकाणूच्या बाजूने ती पाण्यात जरा खचलेली असे, कारण त्या बाजूला एर्मिलो बसलेला असे. प्रवाशांना नदीच्या घळईत फिरवायचं, काठावर पहुडलेल्या मगरी दाखवायच्या, चार गमती सांगून परत आणायचं, असं सगळं बसून करायचं काम. पायाशी बर्फाची पेटी आणि पेटीत कोल्ड्रिंकच्या बाटल्या. "इंजिनाला पेट्रोल, मला हे," असं म्हणून तो बाटली तोंडाला लावायचा.

पण जानेवारीतला सण आला की हाच एर्मिलो वडिलांचा लाकडी मुखवटा चढवायचा, डोक्यावर काथ्याचा टोप घालायचा आणि पत्र्याचा खुळखुळा वाजवत चियापा गावाच्या गल्ल्यांतून सकाळपासून सांजेपर्यंत नाचायचा. त्याचं पाऊल पाहायला बायका दारात खुर्च्या टाकून बसत. गेल्या वर्षी मात्र भर चौकात त्याचा श्वास कोंडला. नाच चालू असताना रस्त्यात मुखवटा काढायचा नसतो. त्याने काढला आणि तो देवळाच्या पायरीवर मटकन बसला. रंगात आलेल्या प्रवेशात राजाची दाढी गळून पडावी, तशी त्याची गत झाली.

त्याच दिवशी ओतिलियाने, म्हणजे त्याच्या बायकोने, मुखवटा पेटीत घातला आणि किल्ली कमरेला खोचली.

"डॉक्टरीणबाई हो म्हणाल्या तरच पेटी उघडेल."

"आणि नाही म्हणाल्या तर?"

"तर माझा भाऊ नाचेल. त्याला मुखवटाही बसतो आणि खुर्चीही पुरते."

वडिलांचा मुखवटा मेहुण्याच्या तोंडावर. एर्मिलोच्या घशाखाली घास उतरेना. म्हणजे दोन-तीन घास उतरेनात, नंतर उतरले.

दवाखान्यातल्या डॉक्टर मिरेया त्या वर्षी गावकऱ्यांच्या खाण्याचा आणि पोटाचा अभ्यास करत होत्या. "आतड्यात जीवाणूंची मोठी वस्ती असते," त्या सगळ्यांना सांगत. "घेवडा, पालेभाजी, मका पोटात गेला की नाना जातीचे जीवाणू सुखाने नांदतात. नुसतं गोड आणि तळलेलं गेलं की त्यातले कितीतरी उपाशी मरतात. वजन वाढतं त्यात त्यांचाही हात असावा. किती, ते अजून आम्ही शोधतोय." शोधायचं तर परसाकडचा नमुना हवा. घरात दोन डब्या आल्या, एक एर्मिलोच्या नावाची, दुसरी सासूबाईंच्या.

सासूबाई दोन्या लाला म्हणजे वेताची काठी. सकाळी मक्याच्या भाकरीबरोबर घेवडा, आणि दुपारी पोसोल. मक्याचा गोळा केळीच्या पानात बांधून आंबू द्यायचा आणि पाण्यात कालवून प्यायचा. इतर लोक त्यात साखर घालत. सासूबाई साखर घालणाऱ्याकडे बघत.

ठरल्या सकाळी दोन्ही डब्या अंगणाच्या कठड्यावर शेजारी शेजारी होत्या. एर्मिलोने इकडेतिकडे पाहिलं, नावाच्या चिठ्ठ्या अलगद सोडवल्या आणि अदलाबदल करून चिकटवल्या. पोट घरातलंच तर आहे, असं त्याने स्वतःला समजावलं.

निकालाच्या दिवशी तिघंही दवाखान्यात खुर्च्यांवर बसली. डॉक्टरीणबाई एर्मिलोकडे कौतुकाने पाहत होत्या.

"तुमचं पोट म्हणजे बहरलेली बाग आहे. जे खाता ते सोडू नका."

एर्मिलोने मान लववली, टाळी घेतल्यासारखी. मग डॉक्टरीणबाई म्हातारीकडे वळल्या आणि त्यांचा आवाज खाली आला.

"दोन्या लाला, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. इतकं कोल्ड्रिंक या वयात? आणि रोज तळलेलं?"

ओतिलियाने आ वासला. दोन्या लालांनी मात्र सावकाश मान वळवून जावयाकडे पाहिलं. जावई भिंतीवरच्या दातांच्या चित्रात गढून गेला होता.

"चुकलं माझं," सासूबाई म्हणाल्या. "लपून प्यायचे. आता सुधारेन म्हणते. पण एकटीने पथ्य होत नाही हो. बागवाले घरात आहेतच, ते मला सोबत करतील. काय जावईबापू?"

जावईबापूंच्या तोंडून हो निघालं. नाही म्हणायला तोंड होतं कुठे?

"पण मुखवटा?" त्याने हळूच विचारलं.

"पोट चांगलं आहे, पण रक्तदाब नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "वजन उतरवा. डिसेंबरात पुन्हा बघू."

त्या संध्याकाळी घरातल्या सगळ्या बाटल्या गेल्या. म्हातारीला मोह नको म्हणून होडीतल्याही गेल्या. जेवणात सासूबाईंच्या ताटातलं तेच एर्मिलोच्या ताटात. तो कुरकुरला की त्या ओतिलियाला ऐकू जाईल अशा बेताने म्हणत, "माझ्या पापाची शिक्षा बिचाऱ्या जावयाला." धक्क्यावर चालत जाताना त्या बरोबर येत, "मला चालायला सांगितलंय" म्हणून. पहिले काही आठवडे एर्मिलोचं पोट रात्रंदिवस गुरगुरलं. नव्या वस्तीची भांडणं चालली असावीत. पुढे आंबट पोसोलची त्याला चटक लागली, आणि होडी धक्क्यावर सरळ उभी राहू लागली.

डिसेंबरात पुन्हा डब्या आल्या, तेव्हा त्याने चिठ्ठ्यांना हात लावला नाही. सासूबाई कठड्यावरच बसून होत्या, हेही खरं.

"दोन्या लाला, एवढी सुधारणा मी पाहिली नाही," डॉक्टरीणबाई थक्क झाल्या. "एर्मिलो, तुमची बाग मात्र थोडी सुकली. पण चालेल. वजन उतरलंय, रक्तदाब ठीक आहे. नाचा, मध्ये मध्ये थांबून." आणि चष्म्यावरून दोघांकडे इतका वेळ पाहिलं की एर्मिलो पुन्हा दातांच्या चित्राकडे वळला.

ओतिलियाने तिथेच किल्ली काढून दिली.

सणाच्या दिवशी दुपारी नाचणारे एका अंगणात विसाव्याला शिरले. एर्मिलोने मुखवटा कपाळावर सरकवला. दम टिकून होता, पाय हलके होते. घरधन्याने थंडगार बाटली पुढे केली. नाचणाऱ्याने नाही म्हणणं म्हणजे घराचा अपमान. एर्मिलोने बाटली हातात घेतली आणि तसाच उभा राहिला.

"इकडे द्या ती," कोपऱ्यातल्या खुर्चीवरून आवाज आला. दोन्या लालांनी पोसोलचा वाडगा त्याच्या हातात दिला आणि बाटली स्वतः घेतली. "माझं पोट सुधारलंय. डॉक्टरांचं सर्टिफिकेट आहे."

त्यांनी एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि घोट कसाबसा गिळला.

"या पाण्यापायी मी गावात बदनाम झाले होय?"

एर्मिलोने वाडगा रिकामा केला, मुखवटा खाली ओढला आणि पहिलं पाऊल सासूबाईंच्या खुर्चीसमोर टाकलं.