आक्काबाईच्या विहिरीचं पाणी

नेवाशाच्या वाटेवर आक्काबाईची वस्ती होती. वाटसरूला तहान लागली की त्याचे पाय आपोआप तिकडे वळत, कारण तिची विहीर गोड आणि हात सढळ. उभ्या जन्मात तिने कुणाला कोरड्या घशाने जाऊ दिलं नव्हतं, आणि त्याचा तिला चांगलाच तोरा होता.

मग शेजारी साखर कारखाना आला. मळीचं काळं पाणी ओढ्यात सुटलं, ओढ्यातून विहिरीत पाझरलं. एकाहत्तरच्या उन्हाळ्यात तर त्याला असा वास मारायला लागला की बैलही तोंड फिरवत. म्हातारी लांबून, गावच्या आडावरून, घागरी वाहू लागली. तिच्या मुलाने, पुंजारामाने, कचेरीचे उंबरे झिजवले. पाणी नासवणाऱ्याला वठणीवर आणायला म्हणे आता कायदा झाला होता. तपासणीत दोष निघाला, तर कारखान्याला मळी आवरावी लागणार होती, आणि विहीर वाचणार होती.

तपासणीचे साहेब उगवले ते भर दुपारी, पुंजाराम रानात असताना. विहीर हाकेच्या अंतरावर, पण साहेबांना तेवढंही ऊन सोसेना. त्यांनी काचेची बाटली म्हातारीच्या हाती दिली, विहिरीचं पाणी भरून आणा म्हणाले आणि ओट्यावर टेकले. आक्काबाईला वाटलं, बिचाऱ्याला वाटेत प्यायला हवंय. दारी आलेल्याला ती घाण कशी द्यायची? तिने बाटली राखेने लख्ख घासली आणि माठातलं आडाचं पाणी गाळून भरलं. साहेबांनी बुचावर लाखेची मोहोर केली, तेव्हाही तिला वाटलं, सांडू नये म्हणून असेल.

संध्याकाळी हे ऐकून पुंजारामाने तिला सांगितलं, ती बाटली तपासणीसाठी होती. दोघं कचेरीत जाऊन पाया पडली. पण मोहोरबंद बाटलीपुढे म्हातारीच्या शब्दाला कोण विचारतो? पाणी पिण्यास योग्य ठरलं आणि मळी वाहतच राहिली.

पुढे एकदा तेच साहेब कारखान्याच्या जीपमधून जाताना पाणी मागायला थांबले. आक्काबाईने विहिरीतून तांब्या भरून आणला. पहिलाच घोट त्यांनी थुंकून टाकला.

"हे कसलं पाणी, आजी?"

"तुमीच पास केल्यालं हाय, सायेब. प्या."

घरात माठ काठोकाठ भरलेला होता. साहेब तसेच निघून गेले. तिच्या दारातून पहिल्यांदाच कुणी तहानलेलं गेलं. विहीर नासली होतीच, आता आपला हातही नासला, या विचाराने म्हातारीला त्या दिवशी घास गेला नाही.