समोरची खुर्ची

साळवे सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्यांच्याकडेच निघालो होतो. गुरुवार होता... त्यांच्या पत्नी मेरीताई बोलत होत्या. मी चप्पल घालून जिन्यापर्यंत गेलो आणि तिथेच बसून रडलो.

सर येरवड्याला राहायचे, ख्रिस्ती धर्मशास्त्र शिकवायचे. मी सरकारी कचेरीतला बौद्ध कारकून. ओळख बसमधली. ख्रिस्ती धर्माच्या पहिल्या काही शतकांतल्या विचारवंतांचे जाडजूड ग्रंथ ते मांडीवर घेऊन वाचत. ‘‘यात असतं तरी काय?’’ मी एकदा विचारलं. ‘‘भांडणं,’’ ते म्हणाले, ‘‘पण नीट केलेली.’’ पुढे दर गुरुवारी मी त्यांच्या टेबलासमोरच्या खुर्चीवर बसू लागलो. नियम एकच. समोरच्याचं म्हणणं आधी आपण मांडायचं, त्याला मान्य होईल असं, आणि मगच उत्तर द्यायचं. हे त्या जुन्या माणसांकडून शिकलो, असं ते म्हणत. आत्मा नाही हे माझं म्हणणं ते माझ्यापेक्षा चांगलं मांडत आणि मला त्याचा रागच यायचा.

मग पुण्यात आयटी आलं. मुलं कम्प्युटरकडे वळली, सरांच्या वर्गातले बाक रिकामे होत गेले. चर्चमधला एक तरुण म्हणाला, ‘‘सर, आता सगळं इंटरनेटवर मिळतं.’’ सर म्हणाले, ‘‘मिळत असेल. वाचायला वेळही तिथेच मिळतो का?’’ सगळे हसले. घरी आल्यावर मात्र त्यांचा चहा तसाच निवला. ‘‘भालेराव, हे सगळं आता कोणाला लागणार आहे?’’

शेवटची भेट हॉस्पिटलातली. श्वास पुरत नव्हता. ‘‘आज... माझी बाजू तुम्ही मांडा.’’ मी मांडली. मरण हा शेवट नाही. देवाने माणूस होऊन मरणही भोगलं, म्हणून तिथेही माणूस एकटा नसतो... त्यांना मान्य होईल असं सगळं सांगितलं. ते डोळे मिटून ऐकत होते. ‘‘बरोबर,’’ म्हणाले. ‘‘आता तुमचं उत्तर.’’ मी उत्तर दिलं नाही. त्यांचा हात धरून बसून राहिलो.

अजून गुरुवारी जातो. मेरीताई सरांच्या खुर्चीवर बसा म्हणतात, ते मला जमत नाही. माझ्याच खुर्चीवर बसून त्यांची बाजू मोठ्याने मांडतो. ती मला पटलेली नाही. पटावी असं मात्र हल्ली फार वाटतं. उत्तराची पाळी आली की मी थांबतो. मेरीताई स्वयंपाकघरातून विचारतात, ‘‘झालं का, भाऊ?’’

मी नाही म्हणतो.