हिंग चालंल का?

तुमच्याकडच्या दुकानात ओवा बाटलीत मिळतो आणि बाटलीवर त्याचे गुण छापलेले असतात, असं तू फोनवर सांगितलंस. ते खरे का, असंही विचारलंस. आधी त्याचं उत्तर देते. ओव्याने पोटातला वारा सरतो. हिंग-लसणाच्या फोडणीने डाळ पचायला हलकी होते. कोथिंबीर, पुदिना तोंडाला चव आणतात, आणि आजारातून उठलेलं माणूस त्यामुळे दोन घास जास्त खातं, हाही गुणच. पुढे कॉलेजात इंग्रजी पुस्तकातून ओव्यातल्या द्रव्याचं नाव मी पाठ केलं. गुण मात्र त्याआधीच पाहिला होता, बाहेरून कुलूप घातलेल्या घरात.

आमचं गाव परंड्याच्या बाजूला, निजामाच्या मुलखात. हद्द जवळ होती. पलीकडे बार्शी, म्हणजे दुसरं राज्य. माझे वडील शाळामास्तर. सरकारविरुद्धच्या लोकांना ते मदत करतात असा संशय आला, तसे ते हद्द ओलांडून गेले. आम्हाला न्यायला गाडी पाठवणार होते. गाडीच्या आधी हत्यारबंद माणसांची टोळी आली. बायको-मुलं धरली की माणूस आपण होऊन हजर होतो, हे त्यांना ठाऊक होतं.

शेजारी एक मुसलमान विधवा एकटीच राहायची. आम्ही मुलं तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायचो, आई भाबी म्हणायची. तिने आम्हाला आमच्याच घरात ठेवून दाराला बाहेरून कुलूप घातलं, किल्ली कमरेला खोचली आणि गावभर सांगितलं, "गेली की ती बार्शीला! माझं पातेलं बी घेऊन गेली."

आत आई, मी आणि माझा धाकटा भाऊ. तो नुकता बोलायला लागला होता. गप्प बसणं त्याला अजून येत नव्हतं.

आई कोळशाच्या शेगडीवर शिजवायची, कारण पेटलेल्या कोळशाला धूर नसतो. फोडणी मात्र बंद होती. फोडणीला वास असतो आणि आवाजही. घरात हरभऱ्याची डाळ तेवढी उरली होती. ती नुसती उकडायची, मीठ घालायचं आणि खायची. भावाचं पोट फुगून टणक झालं. तो गुडघे पोटाशी घ्यायचा, रडायला तोंड उघडायचा आणि आईचा तळहात त्या तोंडावर बसायचा. त्याचा चेहरा काळानिळा व्हायचा. एखाद्या वेळी आई हात काढायला विसरेल, याची मला बाहेरच्या माणसांपेक्षाही जास्त भीती वाटायची. कोरडा ओवा दिला तर तो थुंकून टाकायचा.

मधल्या भिंतीला आढ्याजवळ फट होती. आई उतरंडीच्या कडेला शिडीवर चढून त्या फटीशी कुजबुजली, "पोराचं पोट लई फुगलंय, भाबी."

"फुगणारच! असली डाळ म्हैस बी खायची न्हाय. फोडणी दे."

"वास जाईल की बाहेर."

"माझ्या घरात चूल न्हाय का? म्या खलबत्ता कुटते. कुटायचं थांबलं की तेलात टाक. मी बी तवाच टाकते. वास कुणाचा, कोण सांगतंय?" मग जरा थांबून ती म्हणाली, "हिंग घालू नको बरं, वैनी. माझ्या घरात हिंग कधी आला? ओळखतील. लसूण घाल. बाटत न्हाईस तू."

आमच्या स्वयंपाकघरात लसूण येत नसे. खालाने तो फटीतून खाली टाकला.

दुपार होती. पलीकडे खलबत्ता वाजत राहिला आणि एकदम थांबला. आईने तेलात ओवा आणि ठेचलेला लसूण टाकला. चर्र झालं, दोन्हीकडे एकदमच. घमघमाट सुटला. मला भूकही लागली आणि ओकारीही आली.

डाळ मऊ कालवून आई भावाला भरवू लागली. तो खाऊ लागला. बरेच घास पोटात गेले असतील, एवढ्यात दाराबाहेर पुरुषाचा आवाज आला. "काय म्हातारे, आज दोन घरचा सैपाक का?"

"गुडघ्यात वारा धरलाय माझ्या. लसूण खाल्ल्याबिगर उठवत न्हाय. खातोस का? ये, बस."

"वास तर ह्या घरातनं यायलाय."

त्याच्या मागोमाग खालाची पावलं आमच्या दाराशी आली. आमचं कुलूप खडखडलं. कडी हलली. आईचा हात भावाच्या तोंडावर गेला. पण तो रडलाच नाही. दाराकडे डोळे मोठे करून पाहत होता आणि त्याच्या पोटातला वारा सुटला. मोठ्याने. एवढ्याशा पोटातून एवढा आवाज येईल असं मला वाटलं नव्हतं.

कुलूप थांबलं.

"बघतोस काय?" दारापाशीच खाला ओरडली. "सांगितलं न्हाय का, वारा धरलाय म्हणून? म्हातारपण तुला बी येईल!"

तो माणूस खो खो हसला, थुंकला आणि गेला. आम्ही हसलो नाही. आईने हात काढला, तेव्हा भाऊ झोपलेला होता. पोटाला हात लावून पाहिला, तर ते मऊ.

गाडी आली आणि आम्ही पलीकडे गेलो. काही महिन्यांनी राज्य बदलल्यावर परतलो, तर आता भीती खालाच्या दाराशी येऊन बसली होती. आता मुसलमानांची घरं लुटली जात होती. त्या वेळी आईने तिच्या दाराला बाहेरून कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली. कुणी विचारलं तर सांगायची, "गेली ती. माझं पातेलं घेऊन गेली."

मग आमच्या शेगडीवर तिच्याही वाटणीची डाळ चढवली आणि उतरंडीच्या कडेला शिडीवर चढली.

"भाबी, लसूण न्हाय घालता येणार, ओळखतील. हिंग चालंल का?"

"चालंल," असं उत्तर आलं. आवाज इतका बारीक होता, की मला तो खालाचा वाटला नाही.