चिमटीनं हलके केलेले धडे

माझ्या आत्येबहिणीला सगळे चिमटी म्हणतात. साखर घेईल ती चिमटीनं, मीठ घेईल ते चिमटीनं. तिच्या घरात साबणाची वडी पार कागदासारखी होते, तरी तिची सुट्टी होत नाही. तिचा नवरा म्हणतो, "हिच्या हातून वाया जातं ते एकच, माझं बोलणं." लहानपणी आम्ही तिला या स्वभावावरून फार छळलं. आता मात्र मी चारचौघांत छाती काढून सांगतो, की चिमटी आमची.

ती कामाला आहे एका शिवणशाळेत. शाळा म्हणजे बेकरीच्या वरच्या दोन खोल्या. एकीत संस्थेच्या बाई बसतात. दुसरीत मास्तर, त्यांचं पायाचं मशीन आणि चिमटीचा फोन. मास्तर शिवून दाखवणार, चिमटी त्याचा व्हिडिओ टिपणार, नको ते कापणार आणि शिकणाऱ्या बायकांच्या फोनवर धडा पाठवणार. आधी ती फोटो स्टुडिओत लग्नाच्या चित्रफिती जोडायची, त्यामुळे कापाकापीला हात बसलेला.

शिकणाऱ्या बायका लांबलांबच्या वस्त्यांवरच्या. घरात फोन एक आणि धनी सतरा. नवऱ्यानं, पोरांनी खाऊन उरेल तेवढा डेटा बाईच्या वाट्याला. त्यात रेंजचा रुसवा. धडा लावला की मास्तर "आता नीट बघा" म्हणायचे आणि तोंड उघडं टाकून तसेच थांबायचे. त्या उघड्या तोंडावर गोल चक्र फिरत राहायचं. बाई बिचारी भाकरी करपेपर्यंत वाट बघायची आणि फोन ठेवून द्यायची.

पहिल्या तुकडीतल्या निम्म्या बायका अशाच गळाल्या. दुसरी सुरू व्हायच्या वेळी संस्थेच्या बाईंनी स्पष्ट सांगितलं, "यंदाही अशीच गळती झाली, तर फोनवरचा वर्ग बंद. ज्यांना शिकायचंय त्या इथं येतील."

"कडेवर पोर घेऊन एवढ्या लांब कोण येणार बाई?" चिमटी म्हणाली. "त्या आळशी नाहीत. आपले धडे लठ्ठ आहेत. म्हैस दारातून आत जात नाही, त्यात दाराचा काय दोष?"

"मग काय करणार?"

"म्हशीला वाळवणार."

तिनं जुने धडे पुढ्यात घेतले आणि एकेक चित्र सरकवत बघत बसली. मग मास्तरांकडे गेली.

"मास्तर, चित्रात जे हलत नाही, ते एकदा पाठवलं की भागतं. हलतं ते पुन्हा पुन्हा पाठवावं लागतं. म्हणजे जे हलेल ते डेटा खाणार."

"बरं मग?"

"मागचा पडदा हलतो. पंख्यानं कापड हलतं. खिडकीत बेकरीचा धूर हलतो."

"आणि मी?"

"तुम्ही सगळ्यात जास्त खाता."

मास्तरांना बोलताना मान डोलवायची सवय. हातवारे तर असे, की माशी जवळ यायची नाही. चिमटीनं फुलाफुलांचा पडदा काढून भिंतीला साधी पांढरी चादर ताणून ठोकली. पंखा बंद, खिडकी बंद. मास्तरांचा चौकड्यांचा शर्ट बदलून एकरंगी घालायला लावला. शेवटी फोन तिवईवर असा खाली वाकवला, की चित्रात फक्त सुई, कापड, बाजूचं चाक आणि दोन हात.

"माझं तोंड कुठंय?" मास्तर घाम पुसत म्हणाले.

"सुरुवातीला तुमचा एक फोटो लावलाय. खाली आवाज चालू. तोंड बघून कुणाला काज करता येत नाही."

"बायको म्हणते, तोंड बघण्यासारखं आहे."

"मग घरी दाखवा."

मास्तर चार दिवस फुगून बसले, पण हात दाखवत राहिले. चिमटीनं चित्राचा आकार उतरवला. सेकंदाला जितकी चित्रं धावायची, त्यातली बरीचशी काढून टाकली. हात सावकाश चालतात, डोळ्याला कळतही नाही, असा तिचा हिशेब. धडे असे सडपातळ झाले, की डोंगराच्या कुशीतल्या वस्तीवरही एका दमात उतरायला लागले. बाया वेळच्या वेळी धडे बघू लागल्या. चिमटी जिन्यावरून अशी उतरायची, जशी काही बेकरीसुद्धा तिचीच.

आणि मग तक्रारी आल्या. एकीचा आवाज आला, "ताई, दोरा तुटतोय." दुसरीचा आला, "खाली दोऱ्याचा गुंता होतोय." बघता बघता सगळ्या तुकडीचा एकच सूर. दोन बायकांनी तर कळवलं, की मशीन काही आमच्या नशिबात नाही, नाव काढून टाका.

मास्तर म्हणाले, "बायकांना ओवता येत नसेल." बाई म्हणाल्या, "सगळ्यांनाच? उद्यापासून जुने धडे लावा. निदान शिवण तरी नीट कळत होती."

"एक दिवस द्या," चिमटी म्हणाली. तिनं नाव काढायला सांगणाऱ्या दोघींपैकी एकीला फोन लावला.

"काकू, मशीनवर बसा आणि काय करता ते बोलत जा."

"बसले. आता चाकाला हात लावून पलीकडं ढकलते नि पाय मारते."

"पलीकडं? पलीकडं का?"

"अगं, मास्तरांचं चाक तिकडंच फिरतं की. दहांदा बघितलं मी."

चिमटीनं पहिला धडा लावला. खरंच, बाजूचं आऱ्यांचं चाक उलटं फिरत होतं. तिनं मास्तरांना बोलावलं. ते बघून म्हातारा ताडकन उठला.

"हयात गेली माझी या चाकावर. उलटं फिरलं की दोरा तुटणार, गुंता होणार. मी उलटं फिरवीन?"

"तुम्ही नाही फिरवलं. मी फिरवलं." चिमटी एकेक चित्र सरकवत गेली. "हा आरा, चाकातली ही दांडी बघा. पुढच्या चित्रात तो जवळजवळ दुसऱ्या आऱ्याच्या जागी पोचलाय, पण थोडा मागे. आरे सगळे सारखे. डोळ्याला वाटतं, तो दुसराच आरा मागे सरकला. मधली चित्रं मी खाल्ली ना."

"पण सुरुवातीला मी हातानं चाक आपल्याकडं फिरवतो, ते?"

"ती तुमची टिचकी इतकी झटकन, की तीही कापाकापीत गेली. आणि तोंडानं तुम्ही सांगितलंच नाही."

"ते काय सांगायचं? समोर बसलेलं पोर बघून करतं. माझ्या उस्तादानंही मला कधी सांगितलं नव्हतं."

"या समोर बसलेल्या नाहीत, मास्तर."

मास्तर पुन्हा मशीनवर बसले. मग म्हणाले, "घाल बाई ती चित्रं परत."

"पहिलाच धडा जड झाला, तर दुसऱ्याला कोण येईल?" चिमटीनं पुठ्ठ्याची गोल चकती कापली आणि चाकाचे सगळे आरे झाकून टाकले. चकतीवर कडेला लाल कापडाचा एकच तुकडा चिकटवला. "हा एकटाच आहे. याला जोडीदार नाही, म्हणजे चुकामूक नाही. आता चाक हळू फिरवा आणि तोंडानं सांगा. आवाजाला वजन फार नसतं, पाहिजे तेवढं बोला."

मास्तरांना हे फार आवडलं. "चाकाचा वरचा भाग आपल्या अंगाकडं ओढायचा," हे त्यांनी इतक्या वेळा सांगितलं, की चिमटीलाच हात जोडावे लागले. नवा धडा जुन्याहून किंचितही जड झाला नाही. त्याच दिवशी तो सगळ्यांना गेला. चिमटीनं सोबत आपल्या आवाजात सांगितलं, "चूक तुमची नव्हती, धड्याची होती. पुन्हा बसा."

पुन्हा बसल्या. नाव काढायला सांगणाऱ्या दोघीही. शेवटच्या परीक्षेला प्रत्येकीनं सदरा शिवून फोटो पाठवायचा होता. कॉलर वाकडी, बाही लांब, काय काय प्रकार होते, पण सदरा प्रत्येकीचा आला. एकही बाई गळली नाही.

बाईंनी सगळे फोटो बघितले, चष्मा पुसला आणि पुन्हा बघितले. "पुढची तुकडी घ्या," एवढंच म्हणाल्या. मग दारातून मागे वळून, "आणि आपल्या दुसऱ्या शाखेत रुग्णसेवेचे धडे आहेत, ते कुणालाच उतरवता येत नाहीत. जाशील?"

"जाईन की," चिमटी म्हणाली. "आधी त्यांच्या खोलीतला पंखा बंद करायला सांगा."

ती काकू आता दारातच मशीन टाकून बसते. वाडीतल्या पोरांचे शाळेचे कपडे तीच शिवते. मी चिमटीला म्हणालो, एकदा जाऊन भेट तिला. ती हातातलं काम न सोडता म्हणाली, "भेटायचं कशाला? शिवतेय ना ती?"