कंबरेतली माया

मिरजेत एका कॉलेजच्या हॉस्टेलसमोर रमजानचं टेलरिंगचं दुकान. दुकान कसलं, एक मशीन आणि एक बाकडं. पण गप्पा मारणाऱ्याला जागा कधी कमी पडली नाही. माणूसच तसा. एकदा घोड्यावर चढता चढता नवरदेवाची पँट उसवली, तर या गड्यानं वरात थांबवली, नवरदेवाला रिकिबीत उभा केला आणि खालून टाके घातले. वर म्हणतो कसा, "हलू नका नवरदेव, सुई लागली तर नवरी मला जाब विचारंल!"

हॉस्टेलची पोरं त्याला चाचा म्हणायची. नवी पँट शिवून घेतंय कोण आताशा? यायची ती रेडिमेडची लांबी नाहीतर कंबर कमी करायला.

आटपाडीचा वीरधवल असाच आला, पावसाळ्यात. दीड इंच कंबर आत घ्यायची होती. शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड राखतात, त्याला शिंपी लोक माया म्हणतात. रमजान म्हणाला, "माया आत ठेवलीय बेटा. सुट्टीत आईच्या हातचं खाऊन फुगलास की उसवून देतो." पोरगं हसलं.

दिवाळीनंतर तीच पँट परत. "मेसवाल्याशी भांडलायस काय रं?" पोरगं जरा कमी हसलं.

जानेवारीत तिसऱ्यांदा आलं तेव्हा म्हणालं, "चाचा, आतलं जास्तीचं कापूनच टाका. आता लागायचं नाही ते."

"व्हय, सडपातळच बरा दिसतोस," म्हणत रमजाननं कात्री चालवली. पट्टी खाली चिंध्यांत पडली.

आठ दिवसांनी पोरानं जीव दिला. कोण म्हणालं परीक्षा, कोण म्हणालं एकलकोंडाच होता. खरं त्याचं त्याला ठाऊक. कित्येक महिने त्याला झोप नव्हती, अन्न जात नव्हतं, हे मागाहून कळलं. घरच्यांना याचा पत्ता नव्हता, खोलीतल्या पोराला नव्हता. ठाऊक होतं ते रमजानच्या टेपला.

"तीनदा माप घेतलं मी," तो घरी बायकोला, ताहेराला म्हणाला. "तीनदा."

"तुमी शिंपी हाय, डॉक्टर न्हवं," ती म्हणाली. वाढलेलं ताट तसंच राहिलं.

यंदा साईराज आला, माण तालुक्यातला. दुसरी खेप. मागच्या मापापेक्षा तीन इंच कमी. थट्टा जिभेवर आली होती, ती रमजाननं गिळली. बाकड्यावरच्या गिऱ्हाइकाला 'उद्या या' म्हणून वाटेला लावलं.

"जेवतोस का?"

"जेवतो की."

"झोपतोस?"

पोरानं पँट पुढं सरकवली. "कंबर तेवढी घ्या, चाचा."

टेप गळ्यात टाकून रमजान त्याच्या शेजारी बाकड्यावर बसला. असलं कुणी कुणाला विचारत नाही. आपणच पोराच्या डोक्यात भरवायचो, ही भीती. पण वीरधवलला न विचारून काय भलं झालं होतं?

"साईराज, मरून जावं असं मनात येतं काय रं?"

पोरगं म्हणालं, "रोज."

मशीनवर कापड तसंच टाकून रमजाननं शटर ओढलं. पोराला मनाच्या डॉक्टरकडं नेलं, नंबर येईस्तोवर शेजारी बसून राहिला. डॉक्टर गोळ्या लिहून देत म्हणाले, "विचारलंत ते बरं केलंत. विचारल्यानं बिघडत नाही." मग रमजाननंच पोराच्या घरी फोन लावला.

दुसऱ्या दिवशी मुंबईत कामाला असलेला बाप आला तो दुकानाच्या दारातच गरजला, "माझ्या पोराला येडा ठरवणारा तू कोण? कंबरा मोज की गप!" मागं साईराज उभा. त्याच्याही डोळ्यांत राग, चाचांनी फोडलं म्हणून.

"शिव्या द्या मला," रमजान म्हणाला, "पण गोळ्या बंद करू नगा."

बापानं गावी नेलेलं पोरगं दोन महिन्यांनी हॉस्टेलवर परतलं. डॉक्टरकडं जातं म्हणतात. दुकानावरून जाताना मात्र रस्त्याच्या पलीकडनं जातं, मान वळवत नाही. ताहेराला ते लय लागतं. "एवढं केलं तुमी, साधा सलाम तरी?"

रमजान मशीन थांबवून पोराच्या पाठीकडं बघतो.

"जातंय न्हवं रस्त्यानं?" तो म्हणतो. "मग न का बोलंना."