पट्ट्याविना चाललेला एसी

१८ मे १९९३, मंगळवार. धुळ्यात मेकॅनिकला दिले चाळीस रुपये. गाडीत तिघं — मी, पत्नी सुशीला आणि नववा महिना लागलेली आमची मंजू. चमत्कारांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. पण घडलं ते असं...

मंजूला बाळंतपणासाठी सासरहून, म्हणजे धुळ्यातल्या देवपूरहून, जळगावला न्यायचं होतं. माझ्या जुन्या गाडीला एसी मागाहून बसवलेला. सकाळी येतानाच एसी लावला की इंजिन दम टाकायचं, तापमानाचा काटा लाल रेघेवर! मेकॅनिक युसुफभाईंनी बॉनेट उघडलं.

"नाना, कंप्रेसर जाम होतोय, इंजिनला मागे खेचतोय. त्याचा पट्टा काढतो. गाडी पळेल, पण गारवा विसरा."

माझ्या डोळ्यांदेखत पट्टा काढून त्यांनी डिकीत ठेवला.

विहीणबाईंनी मंजूची ओटी भरेपर्यंत बारा वाजले. पारोळ्याच्या अलीकडे मंजूने मान टाकली... ओठ पांढरे, हाकेला ओ नाही! सुशीलाने मागून हात लांबवून एसीचं बटण दाबलं.

"अगं, पट्टा काढलाय! गरम वाराच येईल."

"पोरीला जपताय की गाडीला?"

आणि गार हवा आली! अंगावर काटा येईल इतकी गार. इंजिन मुळीच ओढत नव्हतं — चौथा गिअर, ताशी साठ, काटा मधोमध!

मला राहवेना. निंबाखाली थांबून, इंजिन चालू ठेवून बॉनेट उघडलं. कंप्रेसरची पुली मोकळी, जागच्या जागी थांबलेली. डिकी पाहिली — पट्टा तिथेच. खिडकीतून आत हात घातला — हवा बर्फासारखी!

मंजूने डोळे उघडले. "नाना, बरं वाटतंय... का थांबलात?"

"बॉनेट लावा आधी!" सुशीला ओरडली. "तपासणी जळगावला करा."

पुढे सुमारे साठ किलोमीटर तोच गारवा. दवाखान्याच्या दारात मंजू उतरली, आणि मिनिटभरात तीच हवा भट्टीसारखी झाली! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आणखी तासभर उन्हात राहिली असती तर बाळाचं काही सांगता आलं नसतं." तिसऱ्या दिवशी नात झाली. दोघी सुखरूप.

सव्वा महिन्यानंतर मायलेकींना देवपूरला पोचवताना वाटेत युसुफभाईंकडून नवा कंप्रेसर बसवून घेतला. सगळं सांगितलं. जुना कंप्रेसर त्यांनी हाताने फिरवून पाहिला, हलेना.

"उरलेल्या गॅसची थंडी असेल?" मी विचारलं.

"नाना, ती दोन मिनिटं टिकते. हे माझ्या अकलेबाहेरचं काम आहे."

माझ्याही. नव्या कंप्रेसरचे २,६५० रुपये त्यांनी मोजून घेतले. मजुरीचे दीडशेही मी आग्रहाने दिले. ते त्यांनी माझ्यासमोरच नातीच्या मुठीत ठेवले.